निळ्या केपचा पुरावा

३ मार्च, मंगळवार. सकाळी ९.२०

पक्कं झालं. चित्रकथेतल्या लोहपंखची केप निळीच छापणार. खुद्द संपादकांनी फोनवर सांगितलं. मी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा चिडून.

अंक सतरावा, पानं बत्तीस, बावन्न वर्षांनी प्रथमच पुन्हा रंगीत. लोहपंख पहिले सोळा अंक बिनकेपचा उडाला. सतराव्यात त्याला केप मिळाली आणि मासिक बंद पडलं. म्हणजे केपचा पुरावा एकाच अंकात, आणि तो अंक अख्खा फक्त माझ्याकडे. बाकी जगाकडे काळंपांढरं पुनर्मुद्रण आहे. (जग म्हणजे आमचा संग्राहकांचा ग्रुप. एकशे बारा सदस्य.)

छपाई पुढच्या बुधवारी, अकरा तारखेला, सकाळी दहाला सुरू. सोबत माझी प्रस्तावना: ‘लोहपंखाचा निळा काळ’.

संकल्प: विजय नम्रपणे स्वीकारायचा. ग्रुपवर एक अक्षर लिहायचं नाही.

९.४०

ग्रुपवर लिहिलं. निव्वळ माहिती म्हणून. चौदा ओळी.

४ मार्च, बुधवार. दुपार

दुकानात गिऱ्हाईक नाही. ग्रुपवर मात्र झुंबड. इंजिनियर नावाचा एक सदस्य आहे, तो कागदाची जाडी यंत्राने मोजतो आणि दर पुनर्मुद्रणाला नापास करतो. मागच्या वेळी शाई चकाकते म्हणून तीन आठवडे भांडला. आज विचारतो, तुमची प्रत इतकी वर्षं ठेवली कुठे होती?

अभिमानाने सांगितलं. इतरांसारखी ट्रंकेत कुजवली नाही. अंकाच्या पिना निघाल्या तेव्हा वडिलांनी सोळाही पानं (दोन्ही बाजू धरून बत्तीस) याच चष्म्याच्या दुकानात, दर्शनी काचेच्या आत दोरीवर टांगली. लाकडी चिमटे, पानाला दोन. एकोणीस वर्षं कोरडी हवा आणि लख्ख उजेड. दर महिन्याच्या एक तारखेला मी स्वतः पानं उलटवायचो, दोन्ही बाजूंना सारखं ऊन मिळावं म्हणून.

इंजिनियरने उत्तरादाखल फक्त एक उद्गारचिन्ह पाठवलं. आदर असाच व्यक्त होतो.

मग विचारलं, काच पश्चिमेला आहे का? म्हटलं हो, दुपारभर उत्तम ऊन. मग त्याचा फोन आला. घेतला नाही. मत्सर ऐकायला वेळ नाही.

५ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ६

प्रकाशकाच्या ऑफिसात बैठक. संपादक, मी आणि रंगवाल्या बाई. मूळ अंक यांनीच रंगवला होता. वय एक्क्याऐंशी, खांद्याला कापडी पिशवी, चष्म्याची डावी काच दोन मिलिमीटर खाली बसवलेली. (पहिल्या नजरेत ओळखलं. धंदाच नजरेचा.) त्या काळी रंगवणाऱ्याचं नाव छापत नसत. आता मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला छापणार आहेत: ‘रंग’ आणि पुढे बाईंचं नाव. बावन्न वर्षांत पहिल्यांदा. संपादकांनी मजकूर दाखवला तेव्हा बाईंनी तो जरा जास्तच वेळ वाचला.

मग केपचा विषय निघाला. बाई म्हणाल्या, अहो, हिरवी होती. मी रंगवलीय. हिरव्याची बाटली दोनदा संपली होती.

मी पानं पुढे ठेवली. बाईंनी एकेक उचलून खिडकीशी नेलं, बोट फिरवलं, आणि विचारलं, हे असं कुणी केलं?

मी म्हणालो, मीच. एकोणीस वर्षं जपलंय.

त्यांनी पान जपून परत टेबलावर ठेवलं. कौतुक वाटलं असावं.

मी अत्यंत सौम्यपणे सांगितलं की बाई, वयानुसार आठवणीतले रंग सरकतात, माझ्याकडे रोज अशी माणसं येतात. त्या म्हणाल्या, माझा मुलगा तुमच्याच वयाचा. तोही मला गॅस बंद केलास का असं दिवसातून चारदा विचारतो, आणि चालू राहिलेला असतो त्याच्याकडचा.

संपादक बिचारे मधे सापडले. म्हणाले, बाई, तुमचा शब्द मोठा, पण हातात पुरावा हा एकच. बाई उठल्या. म्हणाल्या, मग माझं नाव काढा. निळ्या केपखाली मला छापू नका. पिशवी घेतली आणि गेल्या. चहा तसाच राहिला.

मला वाईट वाटलं. पण इतिहासाशी तडजोड करता येत नाही.

७ मार्च, शनिवार. सकाळी ११

संपादकांची मेल. मुखपृष्ठाच्या आतली ‘रंग’ ही ओळ काढली. तिथे रिकामी जागा राहिलीय, माझ्या प्रस्तावनेतल्या दोन ओळी सरकवता येतील का, विचारतात. आनंदाने येतील.

प्रस्तावना पुन्हा वाचली. उत्तम आहे. लोहपंखचा चेहरा इतका फिकट का, तर तो भुयारात राहतो. खलनायकाचा कोट जवळजवळ पांढरा का, तर चित्रकाराला दुष्टपणातही चांगुलपणा दिसत होता. संध्याकाळचं आकाश रंगहीन का, याला अख्खा परिच्छेद दिलाय.

संपादकांनी विचारलंय की प्रत्येक पानाच्या वरच्या कडेला दोन गडद ठिपके आहेत, त्यांचं काय करायचं? कळवलं: चिमट्यांचे डाग. पुसून टाका.

८ मार्च, रविवार. सकाळी १०

बायकोला वाचायचा नवा चष्मा करून दिला होता. तपासायला म्हणून तिने टेबलावरचं पान उचललं, आठवं. लांब धरलं, जवळ धरलं. म्हणाली, अहो, हा डाग नाही. भुवई आहे.

म्हटलं, चिमट्याचा डाग आहे तो.

म्हणाली, चिमट्याला भुवई असते का? हे बघा, खाली गालही आहे. गव्हाळ. बाकीचं तोंड पिठात बुडवल्यासारखं आणि एवढाच तुकडा माणसाचा.

नंबर चुकला असणार. तिला पुन्हा तपासायला हवं.

दुपारी ४

तपासलं. नंबर बरोबर आहे.

५.३०

सोळा पानं, पानाला दोन चिमटे, दोन बाजू: चौसष्ट डाग. सगळे भिंगाखाली पाहिले. आकाशावरचे डाग नारिंगी. खलनायकाच्या कोटावरचा डाग जांभळा. अकराव्या पानावर चिमटा नेमका केपवर बसला होता. तो डाग हिरवा आहे. कोवळ्या पानासारखा.

शक्यता: लाकडाचा रंग उतरला. अडचण: लाकूड तपकिरी आहे.

९ मार्च, सोमवार. दुपारी १२.३०

छपाईला दोन दिवस. संपादकांना लगेच फोन करायचं ठरवलं. पण जेवायची वेळ. माणसाला जेवताना असं सांगू नये.

३.००

आता ते जेवून सुस्तावले असतील.

४.१५

बायको डबा न्यायला दुकानात आली. काचेत फ्रेमच्या कंपनीचं पोस्टर आहे, हसणारी बाई चष्मा लावून. त्याच्यासमोर मला दंडाला धरून उभं केलं. म्हणाली, ओठ बघा हिचे. तीन वर्षांपूर्वी लावलं तेव्हा लाल होते.

निळे आहेत. पाण्यातून काढल्यासारखी दिसते बाई. मी रोज तिच्याखाली कुलूप उघडतो.

इंजिनियरचा परवाचा मेसेज आज उघडला. ऊन पिवळा आणि लाल रंग आधी खातं, हिरव्यातला पिवळा गेला की निळा उरतो, कृपया छपाईआधी बोला. शेवटी हात जोडलेले.

बोलायला हरकत नव्हती. पण तो आधीच बरोबर ठरलाय म्हटल्यावर माझ्या बोलण्याला काय अर्थ?

१० मार्च, मंगळवार. दुपारी ४

कर्तव्य केलं. संपादकांना मेल पाठवली. विषय: ‘प्रस्तावनेतील किरकोळ सुधारणा’. पहिल्या चार परिच्छेदांत पार्श्वभूमी, वडिलांची शिस्त, दुकानाची दिशा. पाचव्यात लिहिलंय की केपच्या मूळ छटेबाबत वेगळा विचार करण्यास वाव दिसतो.

४.०२

उत्तर आलं. सुधारणांची मुदत संपली, धन्यवाद.

म्हणजे मी सांगितलं, त्यांनी वाचलं नाही. आता जबाबदारी त्यांची. हलकं वाटतंय.

संध्याकाळी ७

बायकोला मेल वाचून दाखवली. तिने ऐकून घेतली. मग म्हणाली, त्या म्हातारीला मात्र पाचव्या परिच्छेदात नव्हतं सुनावलंत. तिला तोंडावर सुनावलंत, पहिल्याच वाक्यात. तिचं नाव गेलं अहो.

म्हटलं, नाव तिने स्वतः काढायला लावलं.

ती आत गेली. भांडी जरा जोरात लागत होती.

११ मार्च, बुधवार. सकाळी ९.१५

निर्णय: प्रेसवर जायचं नाही. शास्त्रीय दृष्टीने हिरवी केप हे अजून एक मतच आहे. बाकीचे चौसष्ट...

बाकीचे त्रेसष्ट डागही मतच आहेत.

९.४०

बसमध्ये. अकरावं पान पिशवीत. सिग्नल लाल. हाही कुणी उन्हात ठेवला तर बरं.

९.५५

तोच सिग्नल.

दुपारी १

घरी.

पोचलो तेव्हा दहा पंचवीस. मशिन चालू. निळ्या केपा एकावर एक पडत होत्या, सेकंदाला दोन. मी ओरडलो. मशिनमनने कानाकडे बोट दाखवलं. पुन्हा ओरडलो, त्याने पुन्हा कान दाखवला. मग एका कोऱ्या कागदावर, नंबर तपासायच्या तक्त्यावर असतं त्या मापाचं, ‘थांबवा’ लिहिलं आणि दोन्ही हातांनी वर धरलं. त्याने बटण दाबलं. शांतता झाली. मग विचारलं, साहेब, आपण कोण?

बसमध्ये ‘प्रस्तावनाकार’ असं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, चष्मेवाला.

आतून संपादक आले. मी पान काढलं, डाग दाखवला, ऊन, चिमटे, सगळं सांगितलं. परिच्छेद न पाडता. ते कागदाच्या गठ्ठ्यावर बसले. मग विचारलं, तुम्हाला कधी कळलं?

रविवारी.

आज?

बुधवार.

मशिनमन उगाच एक नट पुसायला लागला.

एक फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावरची सोळा पानं, छापून झाल्यातच जमा, दुसरा अजून बाकी. मला वाटलं, म्हणजे पहिली सोळा पानं निळी, पुढची सोळा हिरवी. मशिनमन म्हणाला, तसं नसतं साहेब, पिन मारायच्या अंकात पहिली आठ आणि शेवटची आठ एका फर्म्यात येतात. म्हणजे लोहपंख निळ्या केपने उडणार, मधे सोळा पानं हिरवा होणार आणि निळा होऊन उतरणार.

मला क्षणभर त्यात एक विकास दिसला. पात्राचा आंतरिक प्रवास. हे मी बोललोसुद्धा. संपादकांनी ज्या नजरेने पाहिलं, तिला कुठल्याच नंबरचा चष्मा लागत नाही.

त्यांचं म्हणणं असं. दुसरा फर्मा आजच हिरवा करून छापायचा. त्या मापाचा कागद आता महिनाभर मिळायचा नाही, त्यामुळे निळा फर्मा ठेवायचा की सगळंच रद्द करायचं, हे बाई ठरवतील. बाई हो म्हणाल्या तर नावासकट मुखपृष्ठ शुक्रवारी छापणार. नाही म्हणाल्या तर गठ्ठे रद्दीत आणि पुस्तक बारगळलं. माझी प्रस्तावना दोन्हीकडून गेली. तिच्या जागी काय घडलं ते अर्ध्या पानात लिहून द्यायचंय. मी पूर्ण पान मागितलं. मिळालं नाही.

संध्याकाळी ६.३०

संपादकांचा फोन. बाईंशी बोलणं झालं. उद्या अकराला येतायत, दोन्ही फर्मे डोळ्यांनी बघणार. त्यांनी एकच विचारलं म्हणे, तिथे कोण कोण असेल? संपादक म्हणाले, मी आणि ते चष्मेवाले. बाई म्हणाल्या, मग आधी त्यांना बोलू दे. मी नंतर बघते कागद.

ग्रुपवर निळ्या कागदाचा फोटो कुणीतरी टाकलाय. एकशे चाळीस मेसेज. पुनर्मुद्रणाचा सत्यानाश कुणी केला यावर चर्चा. तीन गट पडलेत, इंजिनियर एकटा गप्प आहे. तो का गप्प आहे हे मला कळतं आणि सहन होत नाही.

संकल्प: बाईंसाठी एक सविस्तर निवेदन तयार करायचं.

१२ मार्च, गुरुवार. सकाळी ८

निवेदन तीन पानी झालं. बायकोने वाचलं, तिन्ही पानं दुमडून आपल्या पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, एक वाक्य बोलायचं. बाई, केप हिरवीच होती, माझं चुकलं. बाई बसायच्या आत.

मी म्हटलं, हे सोपं आहे.

आरशासमोर अकरा वेळा म्हणून पाहिलं. ती दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, दर वेळी ‘बहुधा’ येतंय मधे.

मला ऐकू आलं नव्हतं. पुन्हा म्हटलं. आलं.

ती कपडे बदलायला गेलीय, सोबत येणार आहे. दहाला निघायचं. बाई अकराला येतील, चष्मा नीट करतील आणि माझ्याकडे बघतील. अजून तीन तास आहेत. तेवढ्यात एक शब्द काढता येईल. बहुधा.