फोनचा कॉम्प्युटर केला त्याची हकीकत

ती. वन्सं,

साष्टांग नमस्कार घालावा अशी फार इच्छा आहे, पण एकदा खाली गेले की मला उठवायला दोन माणसं लागतात. म्हणून खुर्चीत बसूनच हात जोडते, बाकीची सहा अंगं टेकली असं समजून घ्या. तुमचा रक्तदाब कसा आहे, सकाळचं फिरणं चालू आहे ना, दातांची कवळी बसली का अजून टोचते, हे सगळं विचारायचं आहे. पण गेले सात महिने तुम्ही आमचा फोन उचलत नाही, तेव्हा इथे विचारून ठेवते, उत्तर सवडीने द्या. (भाऊजींची चौकशी मी अजून केलेली नाही, विसरले म्हणून नव्हे. ती पुढे येते आहे, आणि ती आली की तुम्हाला कळेल की एवढा वेळ का लागला.) या पत्रात माझी काही मागणी नाही, हेही आधीच सांगून टाकते. घरात एक नवीन वस्तू आली, तिची हकीकत नणंदेला कळवावी, एवढाच हेतू.

तर वस्तू अशी. आमचा जुना कॉम्प्युटर होरपळून गेला (धूर फारसा नाही, वास मात्र तीन दिवस), आणि माझी अवस्था पाण्याबाहेरच्या माशासारखी झाली. तुम्हाला ठाऊक आहे, एकोणतीस वर्षं कचेरीत टंकलेखन केलेली बाई मी. दहा बोटांनी पोट भरलं. त्या बाईने म्हातारपणी फोनच्या काचेवर दोन अंगठ्यांनी अक्षरं टिपत बसायचं, म्हणजे कोंबडीने दाणे वेचावेत तसं. मी लेकीकडे रडगाणं गायले. ती म्हणाली, आई, नवा कॉम्प्युटर कशाला, तुमच्या घरात एक आहेच, बाबांचा फोन. मला वाटलं पोरगी थट्टा करते आहे. पण आठ दिवसांनी पार्सल आलं. आत साबणाच्या वडीएवढी एक डबी, तिला चारी बाजूंनी भोकं. नाव विचारलं तर डॉकिंग स्टेशन. एवढ्याशा डबीला स्टेशन म्हणतात! आम्ही तिला डबीच म्हणतो. एका भोकात फोन जोडायचा, दुसऱ्यात टीव्हीची वायर, तिसऱ्यात मेलेल्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड, चौथ्यात माउस, की झाला फोनचा कॉम्प्युटर. (माझा फोन साधा, त्याला ही विद्या येत नाही. यांचा फोन लेकीने वाढदिवसाला दिलेला, भारीतला. म्हणून जोडायचा तो यांचाच. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा.)

ऐकायला सोपं, करायला गेलं की नाकी नऊ. लेक यांच्या फोनवर सांगणार की वायर कुठे खुपसायची, आणि वायर खुपसायची त्याच फोनात. ती म्हणे आता जोडा, की हे फोन कानापासून काढून डबीला जोडत. मग ती पुढचं काय सांगते ते ऐकायला पुन्हा उपटून कानाला लावत. असं पाच वेळा झालं. तुमच्या भावाला फोन कानाला लावल्याशिवाय ऐकू येतं यावर विश्वासच नाही. शेवटी मी वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंचा फोन मागून आणला, त्यावर लेकीला धरलं, आणि मग कुठे जमलं. माझा का नाही घेतला असं तुम्ही विचाराल. तो हातातच होता, हे खरं आहे, पण त्या गडबडीत तिघांच्याही डोक्यात आलं नाही.

जमलं ते मात्र असं जमलं, की बघत राहावं. टीव्हीच्या पडद्यावर यांचा फोन अंथरल्यासारखा पसरला. लेकीने अक्षरं मोठी करायची युक्ती सांगितली होती, मी उत्साहाच्या भरात ती होती नव्हती तेवढी मोठी करून टाकली. एकेक अक्षर माझ्या तळहाताएवढं. त्यात टीव्हीची वायर आखूड, म्हणून मला टीव्हीच्या पायाशी स्टुलावर बसून, मान वर करून टाइप करावं लागतं, आणि मी काय लिहिते ते समोरच्या इमारतीतल्या गॅलरीतूनही वाचता येतं. पहिल्याच दिवशी आमच्या इमारतीचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीचं काहीतरी सांगायला आले, सोफ्यावर टेकले, आणि नेमका तेव्हाच पडद्यावर लेकीचा निरोप उगवला, की बाबा, तो टकल्या सेक्रेटरी अजून त्रास देतो का? मी पडद्यापुढे उभी राहिले, पण अक्षरं माझ्यापेक्षा रुंद होती. सेक्रेटरींनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, “नाही, हल्ली देत नाही म्हणावं.” चहा पिऊन गेले. भला माणूस आहे, मी लेकीला तसं कळवलंही.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी माउस धरून शिकत होते. तो बाण माझं ऐकत नाही, मी उजवीकडे म्हटलं की तो खाली जातो. हे मागे भिंतीपाशी आरामखुर्चीत बसले होते, मान वाकडी करून. (हल्ली यांना माणसाकडे तिरकं बघायची खोड लागली आहे. मला वाटलं मान आखडली, म्हणून मी वर्षभर रोज तेल चोळते आहे.) बाण भलतीकडे गेला, मी घाबरून दोनदा टिचकी मारली, आणि पडद्यावर उघडलं ते यांच्या फोनातलं तुमचं पान. वर मोठ्या अक्षरांत ‘ताई’. मी बंद करायला धडपडत होते, तेवढ्यात मागून आवाज आला. हे वाचत होते. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत. “तुझे भाऊजी जिन्यावरून पडले. मांडीचं हाड मोडलं. उद्या ऑपरेशन आहे. मी एकटी आहे. येशील का?”

वन्सं, देवाशपथ सांगते, मला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. त्या निरोपाखाली तुमचा दुसऱ्या दिवशीचा निरोप होता, की तुझी वाट पाहिली. त्याखाली तिसरा, की बरं, कळलं. त्यानंतर काही नाही. यांनी तारीखही मोठ्याने वाचली. मग विचारलं, प्रत्येक निरोपाखाली ते पिवळं काय आहे? मी म्हटलं, अंगठा आहे. कुणाचा? मी म्हटलं, तुमचा.

तुम्ही रोज सकाळी फुलाचं चित्र आणि एक सुविचार पाठवायचात. निरोपावर बोट दाबून धरलं की अंगठ्याचं चित्र सगळ्यांत आधी पुढे येतं, हे यांनी लेकीकडून एकदा शिकून घेतलं होतं, आणि फोन टिंग वाजला की न वाचता हे अंगठा दाबून मोकळे होत. न वाचता म्हणजे आळसाने नव्हे. वाचता येत नव्हतं म्हणून. दोन वर्षांपूर्वी यांनी दुकान बंद केलं तेव्हा सगळ्यांना सांगितलं, की आता घड्याळं कोण दुरुस्त करतं, सगळे फोनमध्ये वेळ बघतात. मीही मान डोलावली. ज्या माणसाने चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून तिळाएवढे स्क्रू बसवले, त्याला भिंगातूनही स्क्रू दिसेनासा झाला होता, आणि हे त्याने मलासुद्धा सांगितलं नाही. सकाळी वर्तमानपत्र उघडून बसायचे, पानं उलटायचे, आणि बातमी काय आहे विचारलं तर म्हणायचे, नेहमीचंच. मी ते खरं धरून चालले! वन्सं, एका घरात राहून माझ्या लक्षात येऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं. मी मानेला तेल चोळत बसले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे त्याच दुपारी नेलं. त्या म्हणाल्या, मधली नजर गेली आहे, कडेची शाबूत आहे, म्हणून ते तिरकं बघतात. गेलेली परत येणार नाही, राहिलेली टिकवू. अक्षर मोठं असेल तर वाचू शकतील. मी म्हटलं, तळहाताएवढं चालेल का? त्या हसल्या आणि म्हणाल्या, पळेल. तेव्हापासून आमच्या घरी सकाळी डबी लागते आणि हे टीव्हीवर पेपर वाचतात, मोठ्याने, जाहिरातींसकट. (कपड्यांच्या सेलची तारीख इमारतीत सगळ्यांना आमच्यामुळे कळते.) दोन वर्षांचं वाचन साचलं होतं ना.

पण तुमचं पान यांनी त्यानंतर उघडू दिलं नाही. मी म्हटलं, आत्ता फोन करू आणि सगळं सांगू. हे नाही म्हणाले. म्हणाले, डोळ्यांचं भांडवल करून माफी मागायची नाही. तिच्यावर एवढा प्रसंग आला आणि मी अंगठा दाखवला, तिला कारण कळून काय होणार आहे? मी म्हटलं, पुष्कळ होणार आहे. यांनी मान फिरवली. हट्टीपणा तुमच्या घरातला, मी लग्नात काही आणला नव्हता. आणि खोटं कशाला बोलू, या सात महिन्यांत मीही तुमच्या नावाने बरंच काही बोलले आहे. दोनदा फोन केला, तुम्ही कापलात, तेव्हा म्हटलं, एवढी मिजास असेल तर आम्हीही काही रस्त्यावर पडलेलो नाही. ते शब्द मी परत घेते. तुम्ही एकट्या दवाखान्याच्या बाकावर बसून सख्ख्या भावाची वाट बघत होतात आणि तुमच्या फोनवर पिवळा अंगठा आला. मी असते तर फोन भिंतीवर फेकून मारला असता.

म्हणून हे पत्र यांच्या नकळत लिहिते आहे. हे मागे खुर्चीत डोळे मिटून पडले आहेत, घोरणं मंद आहे, म्हणजे झोप लागली आहे. पुन्हा सांगते, मागणी काही नाही. तुम्ही रागावला आहात तो राग तुमच्या जागी रास्त आहे. फक्त तो कशावर आहे ते बरोबर कळावं, एवढ्यासाठी हा पसारा मांडला. भाऊजींना माझा नमस्कार. ते चालायला लागले असतील अशी आशा करते, आणि हे वाक्य सात महिन्यांपूर्वी लिहायला हवं होतं, ते माहीत आहे.

तुमची एकुलती एक,
भावजय

ता. क. : अशी डबी तुम्हालाही हवी असेल तर लेक पाठवेल. वायर मात्र लांब मागा. माझी मान आता खरोखरच आखडली आहे आणि तेल चोळायची पाळी यांची आहे.

ता. क. दुसरा : हे झोपले नव्हते. तळहाताएवढ्या अक्षरांत, भर हॉलमध्ये, यांच्याच फोनवर गुप्त पत्र लिहायला बसले, ही माझी अक्कल. पहिल्या नमस्कारापासून सगळं वाचलंय आणि घोरणं तोंडाने काढत होते. मला वाटलं आता पुसायला लावतील. एवढंच म्हणाले, की तीन नाहीत, अंगठे चार आहेत. तुमच्या शेवटच्या निरोपानंतर दोन दिवसांनी एक सुटा अंगठा नुसताच गेला आहे. त्या दिवशी फूल आलं नाही म्हणून यांनी आपण होऊन पाठवला होता.

ता. क. तिसरा : मागणी आहे. येत्या गुरुवारी सकाळच्या बसने आम्ही दोघं निघतो आहोत, अकरापर्यंत तुमच्या दारात. यांना जिना चढताना पायऱ्या नीट दिसत नाहीत, मी हात धरून आणेन. तुम्ही बोलू नका, चहा देऊ नका, हवं तर पाठ करून बसा. फक्त दार उघडा. खालच्या चार ओळी यांनी स्वतः टाइप केल्या आहेत, एका बोटाने, पाऊण तास लागला. मी हात लावलेला नाही.

ताई
भाऊजींचा पाय कसा आहे
मला वाचता येत नव्हतं हे सगळ्यांना सांगितलं असतं पण तुला सांगायची लाज वाटली
वाचायला मला तूच शिकवलं होतंस