पडवीतले चार दिवस

१२ जाने., सोम.
सातवा आठवडा. खालच्या वाडीत दोन घरी गेले. आशा सेविका म्हणून माझं रोजचं पुराण: पाळी चुकली की लगेच नाव नोंदवा, फॉलिकची गोळी रोज, मळमळलं तर थोडं थोडं खा, रक्ताचा ठिपका दिसला तरी फोन करा. एकीने विचारलं, "ताई, तुमचंच तोंड का उतरलंय?" म्हटलं, पित्त. गावातल्या सगळ्या गरोदर बायका माझ्या वहीत आहेत, मी सोडून.

१४ जाने., बुध.
संक्रांत. गुळाच्या वासाने मागच्या दाराने पळाले. बाहेर आंब्याचा मोहोर, तो वास त्याहून वाईट. सासूबाई मागोमाग आल्या. "कोणी बघितला नाय ना?" पाणी त्यानंतर दिलं.

१६ जाने., शुक्र.
गेल्या वर्षी सहाव्या आठवड्यातच सासूबाईंनी पेढे वाटले. नवव्यात गेलं. डॉक्टर म्हणाल्या, कोणाची चूक नाही. सासूबाई म्हणतात, दृष्ट. म्हणून या वेळी तीन महिने तोंड बंद. माझ्या आईलाही सांगायचं नाही. ह्यांना मुंबईला फोन केला. "आई म्हणते तसं कर ना, उगाच विषय नको." विषय म्हणे!

२० जाने., मंगळ.
आज पाळीची तारीख. सासूबाईंनी नवीनच काढलं. चार दिवस पडवीत बसायचं, बाहेरची झाल्यासारखं, नाहीतर शेजारच्या सुलूकाकीच्या लक्षात येईल. गेल्या महिन्यात माहेरी होते म्हणून निभावलं. बैठकीत पोरींना सांगते, असलं काही पाळू नका. घरी दर महिन्याला बसते. आता तर खोटंखोटं बसायचं. चीड आली. बसले.

२१ जाने., बुध.
चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. सुलूकाकी कोकम सरबत घेऊन आली. "काय गो, या महिन्यात पण नाय काय?" डोळ्यांत पाणी तिच्या. सासूबाई आतून, "देव देईल तेव्हा." काय सफाई! मला आधी हसू आलं, मग रडू. काकीला वाटलं, पाळी आली म्हणून रडते.

२३ जाने., शुक्र.
सकाळी ठिपका. तपकिरी. दुपारी लाल.
पडवीत बसलेल्या बाईला रक्त आलं, यात कोणाला काय नवल?
सासूबाईंना सांगितलं. पांढऱ्याफटक पडल्या. "पडून ऱ्हा. सिस्टरला सांगशील तर गावभर होईल." मी म्हटलं, मागच्या वेळी पण पडूनच होते. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. त्यांनाही हे मूल हवंय, माझ्याइतकंच. म्हणून तर भांडता येत नाही. दुसऱ्या कोणाच्या सुनेला मी केव्हाच गाडीत घातलं असतं.
संध्याकाळ. अजून थांबलेलं नाही.

२४ जाने., शनि.
उजाडताच उपकेंद्रातल्या सिस्टरला फोन केला. "तू आशा ना गं? कालपासून काय करत होतीस?"
रिक्षा दारात. सुलूकाकी अंगणातून, "बाहेरची ना तू? न्हायल्याशिवाय खय चाललीस?" सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, मान हलवत होत्या, नको, नको. म्हटलं, "पाळी नाही काकी. दिवस गेलेत मला. रक्त जातंय." जोरात निघालं तोंडातून. पलीकडच्या दोन दारांत बायका आल्या.
रत्नागिरी. सोनोग्राफी. ठोके आहेत! पण बाजूला रक्त साठलंय. डॉक्टर म्हणाल्या, आत्ताच काही सांगता येत नाही, आराम करा, दुसऱ्या सोमवारी या. मी विचारलं, लोकांना सांगितल्याने काही होतं का? त्यांना प्रश्नच कळला नाही. मला उत्तर माहीत आहे, तरी विचारलं.

२८ जाने., बुध.
आतल्या खोलीत खाटेवर. रक्त कमी, बंद नाही. आई येऊन गेली. वाडीतल्या बायका येतात, बघतात, जपून बोलतात. सासूबाई ताट हातात आणून देतात, उष्टं काढतात. बोलणं कामापुरतं. पडवीतून आत आले एवढाच फरक.

१ फेब्रु., रवि.
उद्या नऊची वेळ. ह्यांना सुट्टी नाही. सासूबाई येणार बरोबर, स्वतःहून म्हणाल्या.
आज त्यांनी माझ्यावरून मीठ-मोहरी ओवाळली. "ऱ्हायला तर देवाची कृपा," म्हणाल्या. नाही राहिलं तर कोणामुळे, ते बोलल्या नाहीत. मी कुशीवर वळले. अख्ख्या वाडीने माझाच आवाज ऐकलाय.