ढगाखालचा डोंगर

१० नोव्हें.
आजही शून्य. सलग तिसरा. उपग्रह दुपारी अंदमानच्या ज्वालामुखीच्या बेटावरून गेला, संध्याकाळी चित्र आलं, मी सल्फर डायऑक्साइडचा तक्ता भरून प्रकल्पाच्या मॅडमना पाठवला. त्या तिकडेच, बंदरावर मुक्कामाला. उत्तर आलं : "छान, डोंगर शांत आहे. परवा उतरू." मोजणीचं यंत्र बसवायला चौघं जाणार, मॅडम धरून. परवानगीसाठी किती फेऱ्या मारल्या त्यांनी. आणि उतरायचं की नाही, हे नगरच्या कॉलेजातल्या एका खोलीतून मी सांगायचं! अभिमान वाटला. इथेच लिहिते, कुणाला सांगणार नाही.

राहुरीजवळ देवळालीला घरी आल्यावर आण्णांना सांगितलं. ते साखर कारखान्यात गंधकाच्या भट्टीवर. साखर पांढरी करायला हाच वायू लागतो. म्हणाले, "म्हंजी तू बी धुरावरच कामाला व्हय? मंग डिग्री कशाला काढली?" आई हसून हसून बेजार.

११ नोव्हें.
सकाळी एसटीत, राहुरी सुटल्यावर, एकदम डोक्यात आलं. तिन्ही दिवस बेटावर ढग होते. ढगाखालचा वायू उपग्रहाला दिसतच नाही. अशा दिवशी आकडा येत नाही, रकाना कोरा येतो. मी तिथे शून्य भरला. तिन्ही वेळा.

सुट्टीत आण्णांचं भट्टीचं रजिस्टर मी भरायचे. भट्टी बंद त्या तासाला शून्य मारायचा. रकाना कोरा राहिला की साहेब ओरडायचे. हात तसाच चालला. दोष माझाच.

मॅडमचा फोन लागेना. बोट आज संध्याकाळी सुटणार. शेवटी बोटीच्या कप्तानाचा नंबर शोधला, त्याने त्यांना फोन दिला.
"मॅडम, ते शून्य खोटे आहेत. मी भरलेत."
"म्हणजे वायू आहे?"
"माहीत नाही. तीन दिवस ढग आहे. मला काहीच दिसलेलं नाही."
"आणि हे आत्ता सांगतेस?"
"आत्ता कळलं."
फोन ठेवला त्यांनी. बोटीचं काय, ते सांगितलंच नाही.

सं. : आजही ढग. कोरा रकाना तसाच पाठवला. उत्तर नाही. जेवण गेलं नाही. नोकरी जाऊ दे, पण ती चौघं...

१२ नोव्हें.
बोट सुटली नाही! सकाळी मेसेज : "थांबलोय. ढग हटू दे." एसटीत रडू आलं. शेजारच्या मावशींनी पेरू दिला. "पेपर अवगड ग्येला का गं?" म्हटलं, "नापास होता होता राहिले, मावशी."

सं. ५:२० : आजच्या चित्रात ढग फाटलेला. बेटापासून नैऋत्येला लांबच लांब लाल पट्टा. एवढा वायू मी या कामात अजून पाहिला नव्हता. आज ती चौघं तिथे काळ्या दगडांवर उभी असती.

मॅडमना फोन केला. पट्टा किती लांब, ते सांगितलं. मग त्या : "चहा घेतलास?" "नाही." "आधी घे."

आण्णांना सगळं सांगितलं, शून्यांसकट. वाटलं, बोलतील. "भट्टीचं झाकन उघडायच्या आदी आमी धा येळा इचारतो, समोर कोन हाय का. तुला फोन करताना लाज वाटली?"
"लई."
"पन केला न्हवं."
मी पोटभर जेवले.

१४ नोव्हें.
चूक अहवालात लिहायला लावली मॅडमनी, माझ्या नावासकट. लिहिली. नोकरी आहे. ओरडल्या त्या, पण पाच मिनिटंच. हलकं वाटतंय. किती दिवसांनी नीट झोप.

१६ नोव्हें.
दोन दिवस आकाश स्वच्छ. पट्टा बारीक होतोय, कालच्यापेक्षा आज कमी. डोंगर निवतोय की दम धरतोय, वरून कसं कळणार...

मॅडम : "परवानगी वीस तारखेपर्यंतच. उतरू का? तू सांग."

लिहिलं, "अजून नको." पुसलं. पुन्हा तेच लिहिलं आणि पाठवलं. त्यांनी वाचलंय. काहीतरी टाइप करतायत.