गोलरक्षक पोरीबद्दल तुम्ही बोललात ते

प्रिय भाऊजी,

परवा दुपारी नाटकाच्या प्रयोगाच्या कपड्यांना इस्त्री करत होते आणि रेडिओवर तुमचं समालोचन लावलं होतं. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे तुम्ही जाणताच; पण तुमचा आवाज असला की घर जरा भरल्यासारखं वाटतं.

तुमची ती गोलरक्षक! तिचा भाऊ जाऊन आठवडाही झाला नव्हता, तरी गोलपाशी उभी राहिली. तुमच्या शेजारचे तरुण समालोचक भारावून म्हणाले, की खरा खेळाडू दुःख घरी ठेवून मैदानात येतो. तुम्ही म्हणालात, “दुःख म्हणजे काय चपला आहेत, दाराबाहेर काढून ठेवायला? ते आलंय तिच्याबरोबर. आपण खेळ बघू.”

इस्त्री तशीच उभी करून मी खुर्चीत बसले.

मग तिच्यावर गोल झाला. त्या तरुण समालोचकांनी लगेच निदान केलं, बिचारीचं मन थाऱ्यावर नाही. तुम्ही म्हणालात, फटकाच तसा होता, कुणालाच अडवता आला नसता. शेवटी तिने पेनल्टी अडवली आणि ते गहिवरून भावाला श्रद्धांजली वगैरे म्हणू लागले, तेव्हाही तुमचं एवढंच, “डावीकडे झेप, दोन्ही हात, चेंडू बाहेर. सुंदर.” पोरीचं अपयश तुम्ही तिच्या दुःखावर ढकललं नाहीत, की यशही त्याच्या पदरात टाकलं नाहीत. बोलण्यावर पोट असलेल्या माणसाला हे जमावं, याचं मला फार कौतुक वाटलं. आमचे हे तुम्हाला शाळेपासून ‘बडबड्या’ म्हणायचे. त्यांनी ऐकायला हवं होतं.

हे गेल्यावर महिन्याच्या आत मी रंगमंचावर उभी राहिले, तेव्हा एका वर्तमानपत्राने मला वाघीण करून टाकलं. प्रयोगाला आलेल्या एक बाई मात्र कुजबुजल्या, की हिला तोंडाला रंग लावणं सुचतं तरी कसं. खरं सांगू? नाटकातले संवाद मला पाठ होते. घरी काय बोलायचं ते पाठ नव्हतं. वन्सं रोज फोनवर ‘खचू नकोस’ म्हणतात. मुलगा येतो, गळका नळ दुरुस्त करतो, जातो. सगळे मी कशी आहे तेवढंच बघतात. ह्यांचा विषय कुणी काढत नाही, मी रडेन म्हणून.

तुम्हीही काढत नाही, भाऊजी. मागच्या वेळी आलात आणि चहाची तारीफ करून गेलात. त्या चहात साखर नव्हती.

म्हणून हे पत्र. रविवारी सामना नसेल तर या. मी खंबीर आहे की खचलेय, ते बघायला नको. मला ह्यांच्याबद्दल बोलायचंय. माझ्या प्रत्येक नाटकाच्या पहिल्या अंकात घोरायचे आणि शेवटी सगळ्यांच्या आधी उभे राहून टाळ्या वाजवायचे, त्याबद्दल. तुम्हा दोघांचे शाळेतले उद्योग तर मला अजून अर्धेच ठाऊक आहेत. बोलता बोलता रडू आलं तर येऊ दे. मला, आणि तुम्हालाही.

तुमचीच,
वहिनी