डाव्या हाताची गाठ

५ ऑगस्ट, मंगळवार

गेली! दोघंही गेली. नागसेन आणि ती.

काल सकाळी शेजारचे बाळासोमामा टेंपो घेऊन फुलं न्यायला मळ्यात गेले तर दार सताड उघडं. कुकरमध्ये भात. दोरीवर ओले कपडे. दोघांचे फोन फळीवर, शेजारी शेजारी ठेवलेले. माणसं नाहीत!

शेजारी शेजारी. फोनसुद्धा जोडीनं ठेवायचे यांना.

आत्या दोन दिवसांसाठी केडगावला गेली होती. तिला मीच फोन केला. ताईबाई माझी सख्खी आत्या, नागसेन तिचा एकुलता एक. राहू गावातली आमची सगळी वस्ती लहानपणापासून मला चिडवायची – मोनी, तू तर आत्याची सून! चोवीस वर्षांची होईपर्यंत मी ते खरंच धरून चालले. आलेली दोन स्थळं नाक मुरडून परत पाठवली. मग एक दिवस हा सीमाला घेऊन आला. त्याला आता आठ वर्षं झाली.

उद्या लिहीन.

६ ऑगस्ट

आत्या नुसती रडते. पाणीसुद्धा घेत नाही. मी म्हटलं तक्रार द्यायची, तर म्हणाली, "येतील गं, थांब जरा." थांब काय! माझ्या वडिलांना, आप्पांना घेऊन मी चौकीला गेले. हवालदार म्हणाले, "नवरा-बायको दोघं सज्ञान. भांडण झालं होतं का?"

मी म्हटलं, ती दोघं कधी भांडत नाहीत.

हे मला का सांगावं लागलं? माझ्याच तोंडून!

८ ऑगस्ट

आज विहीर उपसली. तीन मोटारी लावल्या. अर्धं गाव काठावर. मी वाकून बघत होते आणि मनात म्हणत होते, तो नको, तो नको. तिचं नाव मनात आलंच नाही. लिहून ठेवते, कारण खोटं कशाला लिहू? ही वही माझी आहे.

तळाला एक तुटकी बादली आणि गाळ निघाला. बाकी काही नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

आज आत्या जेवली! चतकोर भाकरी जास्त मागून घेतली. मी मेथीची पातळ भाजी केली होती, लसूण जरा जळका, तिला आवडते तशी. सीमाला कधी जमली नाही ती.

मी आता इथंच राहते. शिलाई मशीन पण आणली बाळासोमामांच्या टेंपोतून. कुणीतरी बघायला नको का? गुलछडी कुणासाठी थांबत नाही, रोज तोडावीच लागते. उजाडायच्या आत दोन बायका आणि मी तोडतो, गाठोडी बांधतो, बाळासोमामा पुण्याच्या मार्केटला नेतात. दोन-चार दिवसांनी रिकामी फडकी परत येतात. कुणाचं फडकं कुठलं हे कळावं म्हणून प्रत्येक घराची आपापली चिंधी असते, गाठोड्याच्या तोंडाला बांधलेली. बाळासोमामांची पिवळी. आमची निळी. मार्केटमधले हमाल रंग बघूनच ढीग लावतात.

आज फडकी आली तर आत्या गुडघे धरत स्वतः रस्त्यावर गेली. मी म्हटलं, मी आणते. "तू ऱ्हाऊ दे. माझ्या लेकाचा माल हाय, मीच लावते." दारामागं बसून एकटीनं घड्या घातल्या. तिथून उठली ती सरळ जेवायलाच बसली.

बिचारी. कामात जीव रमला असेल.

१६ ऑगस्ट

तिचा मसाल्याचा डबा मी नीट लावला. मोहरीच्या जागी जिरं, जिऱ्याच्या जागी हळद – असला कसला डबा! डावखुरी ना, सगळं उलटं. तिची गाठसुद्धा उलटी पडते, सोडायला गेलं की आणखी आवळते. नागसेनला त्याचं कोण कौतुक! "हिनं बांधलेलं गाठोडं मार्केटपर्यंत सुटत न्हाई, बघ." मी बारावी शिकले, मशीनवर अख्ख्या वस्तीचे ब्लाऊज शिवते. माझ्या टाक्याचं कौतुक कुणी केलं?

विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू आहे. तिची पाळी गुरुवारची होती. ती मी घेतली. वच्छलाबाई म्हणाल्या, "मोनिका, तू स्पष्ट वाचतीस गं. सीमा अडखळायची."

घरी येईपर्यंत हवेत होते.

२४ ऑगस्ट

कपाट आवरलं. हवालदारांनीच सांगितलं होतं, काय नेलं काय राहिलं बघा.

तिच्या साड्या जवळजवळ सगळ्या आहेत. त्याच्या दोन पँटी नाहीत. आणि माझा शर्ट नाही! मी शिवलेला, आकाशी. चौदा एप्रिलसाठी दिला होता, माप न घेता शिवला होता आणि अंगात असा बसला की सगळे बघत राहिले. आकाशी दोरा संपला म्हणून खालच्या घेराची शेवटची वीत पांढऱ्या दोऱ्यानं मारली होती. तो हसून म्हणाला होता, "मोने, ही तुझी सही."

घर सोडताना माणूस काय उचलतो? जे जिवाजवळचं तेच ना? त्यानं माझा शर्ट उचलला.

दुपारभर मशीनवर गाणं म्हणत होते. आत्या माझ्याकडं बघत होती.

२ सप्टेंबर

बायका दळणाच्या रांगेत काहीबाही बोलतात. एक म्हणते त्यानंच तिला मारलं आणि पळाला. एक म्हणते बिबट्यानं नेलं. दोघांना एकदम? उसात काय पंगत बसली होती? मी गप्प ऐकते. पण मला वाटतं ती निघून गेली आणि तो तिला शोधत फिरतोय. कारणही मला माहीत आहे.

आता लिहूनच टाकते. तिचं दोनदा गेलं, तिसऱ्या महिन्यात. सगळी वस्ती हळहळली. मी पण गेले होते डबा घेऊन. पण ज्येष्ठात मी तिच्या उशीखाली गोळ्यांचं पाकीट बघितलं. रोज एक गोळी कमी. मग काय समजायचं? मी नागसेनला सांगितलं – तुझी बायको मुद्दाम खाते काहीतरी, तिला मूल नकोच आहे. तो पाठ फिरवून मळ्यात गेला. मग विहारात वच्छलाबाईंना सांगितलं. फक्त त्यांनाच. त्यांच्याकडून गेलं असेल पुढं. त्याला मी काय करू?

मी दिसलं तेच बोलले. दिसलं ते बोलायचं नाही का माणसानं?

५ सप्टेंबर

पाऊस. फुलं काळवंडली. काही घडलं नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नीट लिहिता येत नाही.

आज फडकी आली. आत्या म्हणाली, "गुडघं लई दुखत्यात गं. तूच लाव आज." पहिल्यांदाच म्हणाली. मी ढीग सोडला, एकेक फडकं झटकत होते. तिसऱ्या की चौथ्या फडक्याला निळी चिंधी. पण आपली नाही. आपली जुन्या साडीची, गडद. ही आकाशी.

हातात घेतली. कडेला दुमड होती, त्यावर टाके. आकाशी दोरा, आणि मग पांढरा.

माझी सही!

माझा शर्ट फाडला. घेर फाडून चिंधी केली. आणि वर गाठी – एकावर एक चार, उलट्या, डाव्या हाताच्या. एवढं आवळायचं काय होतं गं तुला?

म्हणजे जिवंत आहेत. दोघंही. कुठंतरी कुणाच्या तरी मळ्यात फुलं तोडतात, त्यांचाही माल त्याच मार्केटला जातो. तिथं हमालानं निळा रंग बघून फडकं चुकून आमच्या ढिगात टाकलं.

एकत्र आहेत. पहाटे शेजारी शेजारी वाकून तोडत असतील. तो तिला शोधत फिरत नाही. आईला टाकून, मला टाकून, तो तिच्यासोबत आपल्या पायांनी गेला. आणि माझा शर्ट चिंध्या करायला त्यानंच तिला दिला असेल. हसून दिला असेल!

मेलेली सापडली असती तरी मी एवढी रडले नसते. हे काय लिहिलं मी! राहू दे. खरं आहे.

१३ सप्टेंबर

चिंधी मशीनच्या खणात ठेवलीय, बॉबिनच्या डब्याखाली. आत्याला सांगायला पाहिजे. सकाळी चहा देताना तोंडाशी आलं होतं. मग तिनं पदरानं कप पुसला आणि म्हणाली, "सीमा असा आल्याचा चहा करायची." गिळलं ते गिळलंच.

सांगितलं की आत्या लगेच मार्केटला माणूस धाडणार. मग ती येणार. डबा पुन्हा उलटा लागणार, गुरुवार पुन्हा तिचा, आणि मी मशीन उचलून आप्पांच्या ओसरीवर. तिथं भावाची पोरं धड बॉबिन सापडू देत नाहीत.

इथं मला कुणी मोनिका म्हणून हाक मारतं. टेंपोवाले विचारतात, "वहिनी, आज किती गाठोडी?" चुकून वहिनी म्हणतात. मी दुरुस्त करत नाही.

१७ सप्टेंबर

डाव्या हातानं गाठ मारून बघितली. दहा वेळा. जमते की! काय मोठं लागून गेलंय त्यात.

१९ सप्टेंबर

आत्यानं आज विचारलं, "फडक्यात कवा काय वेगळं दिसलं का गं तुला?"

मी म्हटलं, काय दिसायचंय? एक-दोन फाटलीत, शिवून टाकीन.

"बरं," म्हणाली. दारात बसून राहिली. दिवसेंदिवस मऊ होत चाललीय. परवा माझ्या केसांना तेल लावलं, आई गेल्यापासून कुणी लावलं नव्हतं. म्हणाली, "तू लहानपणी कवा काय लपवायची न्हाईस, मोने. पोटातलं ओठावर." मला वाटलं तिच्या मांडीवर डोकं ठेवावं आणि सगळं ओकावं. तेवढ्यात कुणीतरी ब्लाऊज न्यायला आलं.

बरंच झालं आलं ते.

२५ सप्टेंबर

हवालदार आले होते. फाईल पुढं सरकत नाही म्हणाले. आता नदीकाठ पुन्हा बघणार आणि घराच्या मागची नवी भरलेली माती उकरणार. गावात चर्चा आहे ना, त्यानंच तिला पुरलं म्हणून. "त्याच्यावर गुन्हा दाखल करावा लागंल, ताई. तुम्ही घरात राहता. काहीच धागा नाही?"

नागसेनवर गुन्हा! माझ्या नागसेनवर! खण चार पावलांवर. चिंधी काढून टेबलावर ठेवली असती तर एका मिनिटात सगळं मिटलं असतं.

"काहीच नाही," मी म्हटलं.

आत्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हवालदारांकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती. ते गेल्यावर तिनं पुन्हा विचारलं, "खरंच काय न्हाई ना, मोने?"

"नाही म्हटलं ना आत्या!" मी ओरडले. तिच्यावर मी कधी ओरडले नव्हते.

ती आत गेली. मग चप्पल घालून कुठंतरी गेली, तासाभरानं आली. सांगितलं नाही कुठं.

२७ सप्टेंबर

माती उकरायला कुणी आलं नाही. का कोण जाणे. हवालदार रस्त्यात दिसले, मान फिरवून गेले.

दोन तारखेला विहारात कार्यक्रम आहे. आत्यासाठी पांढरी साडी पिको करून ठेवली. माझीही.

३० सप्टेंबर, मंगळवार

हे आप्पांच्या ओसरीवर बसून लिहितेय.

सकाळी आत्यानं माझी पिशवी भरून दारात ठेवली होती. मशीनला कव्हर घालून वरून दोरी बांधलेली. मी म्हटलं, हे काय? तिनं कनवटीतून आकाशी चिंध्या काढल्या. एक, दोन, तीन, चार. माझ्याच घेराच्या.

"पयली मागल्या म्हैन्यात अकरा तारखेलाच आली. तीन गाठी. एक महिना म्हंजी एक गाठ, कळलं मला. तवापास्नं तीच धाडतीया. परवा आली तिला पाच हायेत. ती फक्त मला बोलली व्हती पोट ऱ्हायलंय म्हणून. त्या उशीखालच्या गोळ्या पोर टिकायच्या व्हत्या गं. दोनदा गेलं तिचं, आन् तू गावभर सांगितलंस ती पाडती म्हणून. मलाबी न सांगता गेली, कारण माझ्या तोंडून तुला कळलं असतं."

मी मशीनची दोरी सोडायला लागले.

"दिष्टबिष्ट लागण्यावर आपला इश्वास न्हाई, मोने. तुझं तोंड लागतं, ह्यावर हाय. तरी तू माझी भाची. म्हटलं, बदलली असंल तर दोघांना घरी बोलवू, बाळंतपण हितंच करू, तुझ्याच हातनं डिंकाचं लाडू करू. म्हणून एक चिंधी मुद्दाम ढिगात ठिवली. अठरा दिस वाट बघितली मी. मधी चौकीत जाऊन दोघं जित्ती हायेत म्हणून मलाच सांगावं लागलं."

मग हात पुढं केला. मी खणातली चिंधी काढून तिच्या हातावर ठेवली.