घोडेगावची म्हैस आणि माझा डावा डोळा

३ नोव्हेंबर
बाजरी निवडत हुते, परत पडदा आला. डाव्या डोळ्यावर. दुकानाचं शटर वरनं खाली ओढावं तसा. सुपाची वरची कड गेली, मग बाजरी गेली, मग सूपच. दुखत न्हाई, खुपत न्हाई. जरा वेळानं शटर आपोआप वर. बाजरी हाय तिथंच.
उजव्यात मोतीबिंदू, तो डोळा नुसता शोभेला. त्यातून माणूस आलेला कळतो, कोण ते त्यानं सांगावं लागतं. म्हणजे सगळा कारभार डाव्यावर.
कुणाला बोलले न्हाई. शुक्रवारी घोडेगावच्या बाजारात म्हैस घ्यायला जायचंय. डोळ्याचं कळलं तर आमचा दत्ता मला घरी बसवील आणि बायकोच्या भावाला नेईल. सून मंगल चांगली हाय, पण तिचा भाऊ शेपूट दिसलं की दावं धरून घरी आणतो. ह्या घरात जनावर मीच निवडते. नवरा तेवढा दुसऱ्यांनी निवडला.

५ नोव्हें.
म्हाताऱ्यानं चहात बिडीची राख पाडली. त्याला बोलत हुते तर पडदा. आधी टोपी गेली, मग तोंड. खाली धोतर तेवढं राहिलं, आणि ते धोतर म्हणतंय, "मी न्हाई पाडली." हसूच आलं.
उष्णता असंल. सब्जा भिजत घातला.

७ नोव्हें., शुक्रवार
घोडेगाव. धूळ, ऊन, उसाचा रस बरा हुता.
एक काळीभोर म्हैस मनात भरली. माझी रीत ठरलेली, दात, कास, चाल, आणि शेवटी पदराचं टोक दोन्ही डोळ्यांपुढं हलवून बघायचं. उजवी बाजू झाली. डावीकडं वळले आणि शटर खाली. भर बाजारात.
दलाल म्हणतो, "आजी, काय बघायचं राहिलं का?"
आता ह्याला काय सांगू. म्हटलं, "माझ्या हाताला डोळे हायत." कास चाचपली, सड दाबले. हाताला एक नंबर लागली. दत्ताच्या पाठीत बोट खुपसलं, म्हणजे घे. मग दत्ताचा न् दलालाचा हात रुमालाखाली. भाव तोंडानं न्हाई, बोटं दाबून. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागला न्हाई.
पडदा उघडला तवा म्हैस टेम्पोत चढली हुती. मागनं लई देखणी.

८ नोव्हें.
म्हैस गोठ्याच्या खांबाला धडकली.
मंगलनं तिच्या डोळ्यापुढं हात हलवला. "आत्या, हिचा डावा डोळा गेलाय की." बघते तर डोळ्यात फूल पडलेलं. पांढरं, रुपयाएवढं. रस्त्यावरनं दिसंल असं.
दुपारपर्यंत निम्मं गाव बघून गेलं. धाकटी जाऊ गिरजा साखरेची पुडी घेऊन आली आणि मयताला आल्यासारखी बसली. "व्हतं असं अक्का, वय झालं की." मंगलच्या भावाचा व्हिडिओ कॉल. मोबाईल म्हशीपुढं धरला. दोघं बराच वेळ एकमेकांकडं बघत राहिले. म्हशीनं आधी तोंड फिरवलं.

९ नोव्हें.
दूध मात्र बादली भरून. हाताचं ऐकलं ते चुकलं न्हाई. एकच, डावीकडनं मुकाट गेलं की लाथ मारते. मी "काळतोंडे, मी हाय, सरक" म्हणत जाते तर गुमान पान्हा सोडते. मंगलचा आवाज बारीक. तिला दोनदा बसली.
संध्याकाळी दत्ता बापाला सांगतोय, मी ऐकतेय हे ठाऊक असून, "आईचं वय झालं. पुढल्या बारीला मेव्हण्याला नेऊ."
वय झालं! उठले न् सांगून टाकलं. "मला समदं कळतं. त्या टायमाला दिसत नव्हतं, एवढंच."
मंगलनं गॅस बंद केला. "दिसत नव्हतं म्हंजे? आत्या, कधीपासनं?"
"दिवाळीच्या आधीपासनं. येतं न् जातं."
म्हातारा म्हणतो, "मला वाटलं तू मुद्दाम बघत न्हाईस माझ्याकडं."

१० नोव्हें., नगर
डोळ्याची डॉक्टरीण. पोरसवदा, पण हात हलका. थेंब घातले, दिवा मारला. म्हणे, आजी, खोट डोळ्यात नाही, मान तपासू. डोळा दाखवायला आले तर ही मान मागते. मानेला गार चिकट लावून मशीन फिरवलं.
डोळ्याला रक्त मानेतनं जातं म्हणे. डावीकडची मोठी रक्तवाहिनी आतनं चरबी धरून अरुंद झालीय. दत्ताला कळंना. मी म्हटलं, "अरे, ठिबकची नळी. आत क्षार धरला की शेवटच्या झाडाला पाणी पोचत न्हाई." डॉक्टरीण खूश. म्हणाली, आणि त्यातला कण सुटून डोळ्याच्या बारीक नळीत अडकला की पडदा येतो. पुढं सरकला की उघडतो.
इथवर ठीक हुतं. मग म्हणाली, "तोच कण मेंदूकडे गेला तर उजवी बाजू जाईल. वाचाही जाऊ शकते."
वाचा.
दत्ता फरशीकडं बघायला लागला. म्हाताऱ्यानं टोपी काढली. मंगलकडं बघितलं, म्हटलं हिला आतनं गुदगुल्या होत असतील. तर ती रडत हुती. वेडीच हाय.
रक्त पातळ व्हायची गोळी दिली. उद्याच सर्जनकडं जा म्हणाली, उशीर नको.

११ नोव्हें.
सर्जन. मान उघडून नळी साफ करणार.
"न्हाई केलं तर?"
"कण कधी सुटेल, सांगता येत नाही."
"आणि तुमच्या हातनं साफ करतानाच सुटला तर?"
म्हणाला, तेही होतं कधी कधी, शंभरात... मी हात वर केला. थांबा म्हटलं.
आकडा कळला की दत्ता तेच घोकत बसंल. म्हातारा जेवायचा न्हाई. गिरजा साखर घेऊन येईल. म्हटलं, "डॉक्टर, हात पुढं करा." त्याच्या हातावर पदर टाकला. "शंभरात जितके, तितकी बोटं दाबा. तोंडानं बोलू नका."
घटकाभर गोंधळला बिचारा. मग दाबली. मी परत दाबायला लावली. आकडा पहिल्यांदाच कळला हुता, हात थरथरतो का ते बघायचं हुतं. न्हाई थरथरला. गार हुता तेवढा.
"ठरलं," म्हटलं.
आणि हे राहिलंच. मान तेवढी बधिर करणार, मला जागं ठेवणार. मेंदूला रक्त पोचतंय का हे त्यांना कळावं म्हणून मी सारखं बोलत राहायचं. दत्ता म्हणतो, "डॉक्टर, नीट विचार केलाय ना?" मेला. जन्मात पहिल्यांदा कुणी मला बोलत राहा म्हणालं, तो पण शिकलेला माणूस.

१३ नोव्हें.
उद्या ॲडमिट. मंगलला गोठ्यात नेलं. "डावीकडनं जा, बोलत जा."
"ए म्हशे, येऊ का?"
लाथ.
"परवानगी काय मागतीस? माझ्यासारखं बोल."
"तुमच्यासारखं न्हाई जमायचं, आत्या."
"घरात आल्यापासनं मनात बोलतीयस ना, ते तोंडानं बोल."
थांबली. पदर खोचला. आणि जी सुटली! म्हैस राहिली बाजूला. भाजीतलं मीठ, माहेरी जायचं म्हटलं की माझं दुखणारं डोकं, तिच्या भावाला मी काय काय म्हणते ते. म्हशीनं पान्हा सोडला. मी दारात उभी. दूध निघेस्तोवर सगळं ऐकलं. काही खोटं नव्हतं. एक-दोन गोष्टी वाढवून सांगितल्या तिनं.

१४ नोव्हें., दवाखाना
खिडकीजवळची कॉट. उद्या पहिला नंबर माझा. मानेवर पेनानं खूण केलीय, बाजारात जनावरावर करतात तशी. सकाळी पडदा येऊन गेला, थोडका.
बोलायचं काय ते ठरवलंय. गिरजापासनं सुरू करीन, मागं मागं लग्नापर्यंत जाईन. मधेच सोडून डॉक्टरला कुठं जाता येणार न्हाई.
म्हातारा दिवसभर कॉटजवळ. कायच विचारलं न्हाई. आत्ता खांद्यावरचा टॉवेल काढला, हातावर टाकला न् हात पुढं केला. नजर भलतीकडंच, दलालांची असते तशी.
"किती?"
माझा डावा हात घातला टॉवेलाखाली. पहिलं बोट दाबायला गेले तर त्यानं मूठच मिटली. माझी सगळी बोटं आत.
"असा भाव कळतो व्हय? सोडा."
सोडंना. नर्स येऊन बघून गेली.
अजून सोडला न्हाई. लिहायला उजवा मोकळा हाय म्हणून बरं.