हाक मारली तरी येऊ नको

आये, तुझी नात आता मनाच्या आजारांची डॉक्टर होते आहे. तू गेलीस तेव्हा ती पाटीवर अक्षरं गिरवत होती आणि तू शेजारी तांदूळ निवडत बसायचीस. "माझंबी नाव लिव गो त्याच्यात," म्हणायचीस. तिचं शिक्षणाचं शेवटचं वर्ष चालू आहे. रविवारी आसनगाव स्टेशनला उतरून घरी आली, आणि मी भाकऱ्या करत असताना तिने मला एक कागद दाखवला. मला वाटायचं, डॉक्टर झाली की झालं. पण पुढेही वाटा फुटतात म्हणे. कुणी लहान मुलांच्या मनाचं शिकतं, कुणी म्हाताऱ्यांच्या विसरण्याचं, कुणी दारू सोडवण्याचं, आणि प्रत्येकासाठी त्यातल्या जाणत्या डॉक्टरांच्या हाताखाली आणखी एक-दोन वर्षं काढायची. तिला या महिन्यात एक वाट ठरवायची आहे. कागदावरची शेवटची ओळ बाळंतिणींची होती. कागद पाठीमागून कोराच आहे, टाकवेना, म्हणून तुला त्याच्यावरच लिहिते आहे.

"बाळंतिणीला मनाचं काय गं?" मी विचारलं.

"असतं, आई. बाळ झाल्यावर कधी कधी बाईला उठवत नाही, झोप लागत नाही. आपल्याच हातून बाळाला काही होईल, असं डोक्यात येत राहतं. तिला तसं करायचं नसतं गं, तिलाच त्याची भीती वाटते. मग काही जणी बाळाला जवळच घेत नाहीत. लोक म्हणतात, हिला माया नाही."

"मग?"

"मग काय, आई, धूर! भाकरी करपली बघ."

वैशाखरे गावातल्या आपल्या घरात तू भाकरी थापायला बसलीस की परातीचा आवाज अंगणात यायचा. मी त्या आवाजावर उठायचे. पहिली भाकरी चुलीशी फुगली की तू तिचा पापुद्रा काढून, मीठ-तेल लावून माझ्या हातावर ठेवायचीस. भाऊ झाला आणि तो आवाज बंद झाला. चूल आजी पेटवायची. तू कणगीला टेकून बसलेली, केस न विंचरलेले, बाळ रडलं तरी मान न वळवणारी. आजी म्हणाली, हिला बाहेरचं लागलंय. भगत आला, लिंबं उतरवली, तुझ्या मनगटात काळा दोरा बांधला. मी दहा वर्षांची. तुझ्याजवळ झोपायची मला भीती वाटू लागली.

मग ती दुपार. सगळे खळ्यावर भाताच्या झोडणीला गेलेत. तू अचानक उठतेस, बाळाला माझ्या हातात कोंबतेस. "घे याला. लांब ने. मी हाक मारली तरी येऊ नको. आजी आल्याबिगर नाय यायचं." माझ्याकडे बघतसुद्धा नाहीस. दार आतून लावून घेतेस. मी पेंढ्याच्या उडवीमागे बाळाला मांडीवर घेऊन बसते, आणि ठरवून टाकते, आईला आपण दोघंही नकोत.

आये, मी हे आयुष्यभर धरून ठेवलं. रोज संध्याकाळी दिवा लावताना देवाला सांगायचे, माझ्या आईला क्षमा कर. काय मागत होते मी!

जेवताना लेकीने विचारलं, "तुझ्या माहितीत होतं का असं कुणी?" मी म्हटलं, "आमच्या शेजारची एक बाई होती." आणि सगळं सांगितलं, अगदी दार लावून घेतलं तिथपर्यंत. ती जेवायचं थांबली.

"बरी झाली ती?"

"झाली. होळीच्या सुमाराला. आपोआप."

"आपोआप नाही गं. एकटीने काढलं तिने. आणि ते बाळ?"

"त्याला काय झालंय? मुरबाडला मास्तर आहे."

"आई, मुरबाडला तर मामा मास्तर आहे."

मी ताटं उचलायला घेतली. तिने माझा हात धरून खाली बसवलं. मग मी तुझं नाव घेतलं. तिने पेनाने कागदावरच्या शेवटच्या ओळीखाली रेघ मारली, दोनदा. पेन ठेवून विचारलं, "माझ्या आजीने मग हाक मारली होती का?"

"नाय," मी म्हटलं. कित्येक वर्षांनी तोंडातून तुझ्यासारखं आलं.

दार लावून घेतलंस त्या दिवशी संध्याकाळी तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास, "शहाणी गो माझी, ऐकलंस माझं." आणि पुढे म्हसा गावच्या जत्रेतून मला हिरव्या बांगड्या आणवल्यास. त्या फुटेपर्यंत मी घातल्या.

तू हाक मारली होतीस, आये. तीनदा. तिसऱ्यांदा तू रडत होतीस. मला ऐकू येत होतं. मी आले नाही, ते तुझं ऐकलं म्हणून नाही. मला तुझी भीती वाटली होती.